जुनी स्पोर्ट्स गाडी रस्त्याला खरेच चिकटते का?

पालघरहून माहीमकडे आणि पुढे केळव्याकडे जाणारा रस्ता वाड्यांमधून जातो. नारळ, केळी, पानवेलीचे मांडव आणि रस्त्याला लगटून असलेली कुंपणे. वळणापलीकडे काय आहे ते वळण घेईपर्यंत कळत नाही. सुटीच्या दिवशी मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांत एखादी जुनी, बुटकी, दोन आसनी स्पोर्ट्स गाडी दिसली की मुले थबकून बघतात. माहीमला शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना बारावीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, ती गाडी रस्त्याला चिकटून चालते म्हणतात. मग तिला वळणावर वेग कमी करायची गरज नसेल ना?"

प्रश्न चांगला आहे, कारण त्याचे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, जीव जातो. तेव्हा तो नीट सोडवू.

तुलनेसाठी दोन गाड्या घेऊ. पहिली एमजी-बी, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेली लोकप्रिय स्पोर्ट्स गाडी. दुसरी आपली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. या दोघींत वाटते त्यापेक्षा साम्य पुष्कळ आहे. वजन दोघींचे नऊशे किलोग्रॅमच्या आसपास, पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २.३ मीटरच्या आसपास. दोघींनाही पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे बैलगाडीची आठवण करून देणारे पाटे. एमजी-बीचे इंजिन मात्र दुपटीहून अधिक ताकदीचे. ब्रेकमध्येही फरक आहे : पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम, तर एमजी-बीच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम.

आता गाडी थांबवते कोण? ब्रेक, असे आपण म्हणतो. पण ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधला घर्षण. घर्षण गुणांक μ असेल तर थांबण्याचे अंतर v²/२μg एवढे येते. या सूत्रात गाडीचे वस्तुमान नाही, किंमत नाही आणि ब्रेकचा प्रकारही नाही. कोरड्या डांबरावर μ ०.८ धरला तर ताशी ६० किलोमीटरवरून (सेकंदाला १६.७ मीटर) थांबायला सुमारे १८ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर μ ०.४ धरला की तेच अंतर ३५ मीटर होते. चाक जाम करण्याइतका जोर ब्रेकमध्ये असला की पुढे डिस्क असो वा ड्रम, एका थांबण्यात फारसा फरक पडत नाही.

मग डिस्कचे एवढे कौतुक का? फरक पडतो तो दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वेळी, आणि तो उष्णतेमुळे. एक हजार किलोग्रॅमची गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे २४७ किलोज्यूल असते. ही सगळी काही सेकंदांत ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. एवढ्या उष्णतेने पाऊण लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. आता जव्हारकडून खाली उतरताना आपण सलग २०० मीटर उंची उतरलो असे समजा. mgh काढून पाहा : जवळजवळ १,९६० किलोज्यूल, म्हणजे ताशी ८० वरून आठ वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. हवेचा आणि रस्त्याचा विरोध तिचा काही भाग घेतो. इंजिनालाही वाटा द्यावा म्हणून तर जुने चालक उतारावर खालचा गिअर घालतात.

ड्रम म्हणजे झाकण घातलेले भांडे. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो आतल्या ब्रेक शूपासून दूर सरकतो. पेडल अधिक खोल जाते. शूवरच्या लायनरचे घर्षणही तापल्यावर कमी होते. डिस्क उघडी असते, वारा तिला दोन्ही बाजूंनी लागतो. आणि ती तापून जाड झाली तर पॅडच्याच दिशेने फुगते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणी तिथेच रेंगाळते. डिस्क ते भिरकावून देते.

ड्रमचा एक गुणही सांगायला हवा. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आणखी घट्ट रुततो. त्यामुळे पायाला कमी जोर पुरतो. पण हाच गुण अंगाशीही येतो : डाव्या-उजव्या लायनरमध्ये थोडासा फरक पडला तरी परिणाम मोठा होतो आणि गाडी एका बाजूला 'ओढते'. डिस्कमध्ये पाय जितका दाबाल तितकाच ब्रेक लागतो.

शर्यतवाल्यांना हे आधी पटले. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाड्यांनी पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. त्या जास्त वेगाने धावत होत्या म्हणून नव्हे, तर वळणापूर्वी उशिरा ब्रेक लावू शकत होत्या म्हणून, आणि तेही रात्रभर.

वळण्याकडे येऊ. r त्रिज्येच्या सपाट वळणावर गाडी न घसरता जास्तीत जास्त √(μgr) एवढ्या वेगाने जाऊ शकते. इथेही वस्तुमान नाही! ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्यात ताशी ६४ किलोमीटर, ओल्यात ४५. मग स्पोर्ट्स गाडी वेगळी का वाटते? एक तर तिचा गुरुत्वमध्य खाली असतो. ब्रेक लावला की वजनाचा काही भाग मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. तो किती, हे मंदनावर आणि गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकांमधले अंतर यावर ठरते. उंची ५५ सेंटीमीटर धरली तर जोरात ब्रेक लावताना वजनाचा १९ टक्के भाग पुढे सरकतो, ४५ सेंटीमीटर धरली तर १६ टक्के. वळताना हेच आडव्या दिशेने होते. बुटकी गाडी कमी कलते, चारही टायर अधिक सारखेपणाने काम करतात. शिवाय एमजी-बीचे स्टिअरिंग दाते असलेल्या दांड्यावर थेट चालते, त्यामुळे टायर घसरू लागल्याचे हाताला लवकर कळते. हा निरोप लवकर मिळणे हाच आमच्या मते जुन्या स्पोर्ट्स गाडीचा खरा गुण. पकड मात्र टायर देईल तेवढीच.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग इथे सांगतो. सहज फिरणारी चाके असलेली खेळण्यातली मोटार घ्या. एक गुळगुळीत फळी तिरकी ठेवा. आधी पुढची दोन चाके चिकटपट्टीने जाम करून मोटार सोडा : ती सरळ घसरत खाली येईल. मग पट्टी काढून मागची चाके जाम करा : मोटार गर्रकन फिरून उलटे तोंड करील. घसरणारे चाक आडव्या दिशेला पकड देत नाही, फिरणारे देते. मागची पकड गेली की गाडी फिरते. पुढची गेली की सरळ जाते, पण स्टिअरिंग ऐकत नाही. ब्रेक लावताना मागची चाके हलकी होतात, म्हणून तिथला ब्रेक मुद्दाम दुबळा ठेवतात.

चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे. पुढच्या डिस्क तर १९८३ च्या मारुती ८०० पासून सर्वसामान्यांच्या दारात आल्या. आजचे रेडियल टायरही ओल्यात अधिक धरतात. त्यामुळे आजची साधी कौटुंबिक गाडी अचानक थांबण्यात जुन्या एमजी-बीला सहज मागे टाकील. दिसायला तसे वाटत नाही, हे खरे! जमिनीलगत बसून उघड्या गाडीतून जाताना ताशी ५० सुद्धा ८० वाटतात.

त्या विद्यार्थ्याला आम्ही माहीमच्याच एका वळणाचे गणित घातले. कुंपणामुळे पुढचा ३० मीटर रस्ताच दिसतो, रस्ता ओला आहे, आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. दिसते तेवढ्यात थांबायचे तर वेग किती? ताशी ६० ने गेलो तर पहिल्या सेकंदातच १७ मीटर गेले, पुढे ३५; एकूण ५२. त्याने वर्गसमीकरण मांडले आणि उत्तर काढले : ताशी ४३ किलोमीटर. मग त्याने स्वतःच विचारले, की किनाऱ्यालगत रस्त्यावर वाळू आणि सुरूच्या काड्या पडलेल्या असतात, त्यावर μ किती धरायचा? आम्ही त्याला एक विटेचा तुकडा, दोरी आणि शाळेतला स्प्रिंगचा काटा घेऊन मोजायला सांगितले आहे. वीट म्हणजे टायर नव्हे, हे त्याला ठाऊक आहे. पण वाळूवर आणि वाळूविना काटा किती दाखवतो, यांचे गुणोत्तर त्याला हवे आहे.