वंशसंहाराच्या पायऱ्या



मनुष्याच्या इतिहासांत कत्तली नव्या नाहींत. जिंकलेलीं नगरें लुटलीं व जाळलीं गेलीं, शरण आलेलीं सैन्यें कापून काढलीं गेलीं, हें सर्व बखरींतून व इतिहासग्रंथांतून आपण वाचलेलें आहे. परंतु विसाव्या शतकानें जो प्रकार पाहिला, त्यास जुने शब्द अपुरे पडले. एखाद्या मनुष्यास त्यानें कांहीं केलें म्हणून नव्हे, तर तो अमुक समाजांत जन्मला एवढ्याच कारणानें मारावयाचें. त्याच्याबरोबर त्याची बायको, तान्हीं मुलें व वृद्ध आईबाप ह्यांनाहि मारावयाचें, आणि त्या समाजाचें नांवनिशाण उरूं द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार. राफाएल लेम्किन ह्या पोलंडमधील ज्यू कायदेपंडितानें १९४४ सालीं ग्रीक व लॅटिन शब्दांचा जोड करून त्याला 'जेनोसाइड' हें नांव दिलें. आपण त्यास वंशसंहार म्हणूं. ९ डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ह्या अपराधाविरुद्धचा करार संमत केला. एखाद्या राष्ट्रीय, जातीय, वांशिक अथवा धार्मिक समूहाचा पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याचा हेतु, हें त्या करारानुसार ह्या अपराधाचें मर्म होय.

असा संहार कोठें घडला कीं, दूरचे लोक म्हणतात, 'त्यांचें पिढीजात वैर होतें, तें एक दिवस उफाळून आलें.' हें स्पष्टीकरण सोपें आहे, आणि म्हणूनच तें धोक्याचें आहे. ज्वालामुखी उफाळतो, त्याला कोणी थांबवूं शकत नाहीं. वंशसंहार मात्र उफाळत नाहीं. तो एकेक पायरीनें चढविला जातो, आणि प्रत्येक पायरीवर कोणाच्या तरी सहीची, आज्ञेची अथवा मौनाची गरज असते. हें नीट समजण्यासाठीं मध्य आफ्रिकेंतील रुआंडा ह्या देशाची हकीकत आज पाहूं.

रुआंडा हा टेकड्यांचा हिरवागार देश. क्षेत्रफळ सुमारें २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोंकणाहूनहि लहान. तेथें हुतू, तुत्सी व त्वा असे तीन समाज राहतात. हुतू संख्येनें फार अधिक, तुत्सी थोडे, त्वा अगदीं मूठभर. ह्या तिघांची भाषा एक, टेकड्या एक, देवधर्महि बहुतांशीं एक. हुतू व तुत्सी ह्यांच्यांत लग्नसंबंधहि होत असत. तुत्सी मुख्यतः गाईगुरें बाळगणारे व राजदरबाराच्या जवळचे, हुतू मुख्यतः शेती करणारे, असा भेद जुन्या काळींहि होता. पण ती सीमारेषा ओलांडतां येत असे.

पहिल्या महायुद्धांत हा देश जर्मनांच्या हातून बेल्जियमच्या ताब्यांत गेला. नव्या राज्यकर्त्यांनीं तुत्सींना श्रेष्ठ वंशाचे ठरविलें, शाळा व अधिकाराच्या जागा त्यांना दिल्या, आणि १९३३ च्या सुमारास प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात नोंदविली. जी सीमारेषा ओलांडतां येत होती, ती शाईनें पक्की झाली. ही पहिली पायरी: माणसांचे वर्ग पाडणें व त्यांवर खूण करणें. त्या दिवशीं कोणाचें रक्त सांडलें नाहीं. एका कारकुनानें एका रकान्यांत एक शब्द लिहिला, इतकेंच झालें. जर्मनींतहि १९३८ सालीं ज्यूंच्या पासपोर्टांवर लाल अक्षर उमटविण्यांत आलें, तेव्हां तें दफ्तरांतील एक मामुली कामच वाटलें असेल.

दुसरी पायरी भेदभावाची. १९५९ सालीं पारडें फिरलें. बेल्जियननीं आतां बहुसंख्य हुतूंना हाताशीं धरलें, तुत्सींवर हल्ले झाले, आणि हजारों तुत्सी शेजारच्या देशांत पळाले. १ जुलै १९६२ रोजीं रुआंडा स्वतंत्र झाला, परंतु ओळखपत्रावरील तो रकाना तसाच राहिला. काल ज्याचा तोटा एकास होत होता, त्याचा आज दुसऱ्यास होऊं लागला. शाळांतील प्रवेशांत व नोकऱ्यांत तुत्सींचा वांटा मर्यादित करण्यांत आला. १९७३ सालीं सेनापति हाब्यारिमाना ह्यांनीं सत्ता बळकावली, तीहि ह्याच पायावर उभी राहिली.

आतां कारणांकडे वळूं. केवळ द्वेषानें वंशसंहार होत नाहीं. द्वेष अनेक देशांत असतो. त्याला भीतीची व सत्तालोभाची जोड मिळावी लागते. १९८९ नंतर जगांत कॉफीचे भाव कोसळले आणि कॉफीवर जगणाऱ्या ह्या देशाची दैना झाली. जमीन थोडी, माणसें फार. अशांत १ ऑक्टोबर १९९० रोजीं परागंदा तुत्सींच्या सेनेनें युगांडांतून स्वारी केली. सत्ता वांटून घेण्याचा करार ४ ऑगस्ट १९९३ रोजीं आरुशा येथें झाला, तेव्हां राजधानींतील ज्या मंडळींना अधिकार सोडावे लागणार होते, त्यांनीं युद्धाची भीति हेंच आपलें हत्यार केलें. प्रत्येक तुत्सी शेजारी हा त्या स्वारी करणाऱ्यांचा हस्तक आहे, असें त्यांनीं लोकांना सांगितलें.

तिसरी पायरी भाषेची, आणि येथें आम्हां नभोवाणीवर बोलणाऱ्यांनीं मान खालीं घालावी अशी गोष्ट आहे. जुलै १९९३ मध्यें किगाली येथें सहस्र टेकड्यांच्या नांवानें एक खासगी रेडिओकेंद्र सुरू झालें. त्यावर गोड संगीत असे, विनोद असे, तरुणांना आवडेल अशी मोकळी बोली असे. त्या गोडव्यांतून तुत्सींसाठीं एक शब्द वारंवार येई: 'इन्येंझी', म्हणजे झुरळ. मनुष्यास मारतांना हात कचरतो. झुरळ मारतांना कचरत नाहीं. पुढें प्रत्यक्ष संहार चालू असतां ह्याच केंद्रावरून माणसांचीं नांवें व त्यांच्या लपण्याच्या जागा सांगितल्या गेल्या, आणि ठार मारण्याला 'काम' हा साधा शब्द रूढ झाला. ज्या यंत्रांतून आपल्या घरांत बातमी व भजन येतें, त्याच यंत्रांतून तेथें मृत्यूचे पत्ते गेले.

चौथी पायरी संघटनेची व तयारीची. सत्तारूढ पक्षाच्या तरुणांच्या टोळ्यांना लष्करी शिक्षण दिलें गेलें, शस्त्रें सांठविलीं गेलीं, याद्या तयार झाल्या. ११ जानेवारी १९९४ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कॅनेडियन सेनापति दालेर ह्यांनीं न्यूयॉर्कला तार करून ही खबर कळविली व शस्त्रसांठे जप्त करण्याचा आपला बेत कळविला. वरिष्ठांनीं त्यांना मनाई केली.

६ एप्रिल १९९४ च्या रात्रीं हाब्यारिमाना ह्यांचें विमान पाडलें गेलें, आणि कांहीं तासांतच रस्त्यांवर नाके उभे राहिले. तेथें ओळखपत्रें मागितलीं गेलीं. साठ वर्षांपूर्वीं कारकुनानें लिहिलेला तो शब्द आतां जगण्यामरण्याचा निवाडा करूं लागला. पहिल्या बळींत पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना होत्या. त्या हुतू होत्या, पण समेटाच्या बाजूच्या होत्या. हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: संहार करणारे आधीं स्वतःच्या समाजांतील मध्यस्थांना नाहींसें करतात, म्हणजे 'नको' म्हणणारें कोणी उरत नाहीं. २१ एप्रिल रोजीं सुरक्षा समितीनें शांतिसेना सुमारें अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारें १०० दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानें, ८ लाखांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. पुष्कळांना मारणारे त्यांचे शेजारीच होते. जुलैमध्यें तुत्सी सेनेनें देश जिंकला तेव्हां हा संहार थांबला; त्या सेनेच्या हातूनहि निरपराध हुतू मारले गेले, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

शेवटची पायरी इन्काराची. प्रेतें पुरलीं जातात, मग गोष्टहि पुरण्याचा प्रयत्न होतो. 'तें युद्ध होतें, दोन्हीकडचे मेले' असें म्हटलें जातें. म्हणूनच न्यायालयाच्या निकालांचें महत्त्व केवळ शिक्षेपुरतें नाहीं. आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २ सप्टेंबर १९९८ रोजीं एका नगरप्रमुखास वंशसंहाराबद्दल दोषी ठरविलें. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ह्या अपराधाबद्दल दिलेला हा पहिलाच दोषनिर्णय. त्यांत स्त्रियांवरील बलात्कार हेंहि संहाराचें साधन ठरूं शकतें, असें प्रथमच मानलें गेलें. ३ डिसेंबर २००३ रोजीं त्या रेडिओकेंद्राचे दोन चालक व एका वृत्तपत्राचा संपादक दोषी ठरले. रुआंडाच्या ओळखपत्रांवर आज जमातीचा रकाना नाहीं.

अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी स्टँटन ह्यांनीं १९९६ सालीं अशा आठ पायऱ्या मांडल्या व पुढें त्या दहा केल्या. संख्येचा आग्रह आपण धरावयास नको. पायऱ्या एकापाठोपाठच येतात असेंहि नाहीं. अनेकदां त्या एकाच वेळीं चालूं असतात. मुद्दा एवढाच कीं, पायरी म्हटली म्हणजे तिच्यावर थांबतां येतें, परततां येतें. आणि खालच्या पायरीवर थांबविणें जितकें सोपें, तितकें वरच्या पायरीवर कठीण. दुर्दैव असें कीं, खालच्या पायऱ्या फारशा भयंकर दिसत नाहींत. एक रकाना, एक थट्टा, प्रवेशाचा एक नियम, एवढेंच त्यांचें स्वरूप असतें. आणि शहाणीसुरतीं माणसें त्यांकडे काणाडोळा करतात.

थांबवितां येतें ह्याचा दाखलाहि त्याच देशानें दिला आहे. दक्षिणेकडील बुतारे प्रांताचे प्रमुख अधिकारी ज्यां-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे साऱ्या देशांत त्या पदावरील एकटेच तुत्सी. किगालीमध्यें रक्ताचे पाट वाहत असतां त्यांनीं आपल्या प्रांतांत सुमारें दोन आठवडे सार्वत्रिक कत्तल होऊं दिली नाहीं. इतरत्रचे लोक आश्रयासाठीं तेथें धांवले. जमात तीच, वैर तेंच, रेडिओहि तोच ऐकूं येत होता. मग तेथील शेजारी शेजाऱ्याच्या जीवावर कां उठले नाहींत? कारण वरून आज्ञा आली नव्हती. शेवटीं सरकारनें त्यांना पदावरून दूर केलें. १९ एप्रिल रोजीं हंगामी राष्ट्राध्यक्षांनीं स्वतः बुतारे येथें येऊन भाषण केलें व 'कामा'पासून दूर राहणाऱ्यांना धमकावलें. त्यानंतर त्या प्रांतांतहि संहार सुरू झाला. हाब्यालिमाना ह्यांनाहि पुढें ठार मारण्यांत आलें.

ते दोन आठवडे हें आजच्या विषयाचें सार आहे. पिढीजात वैर आपोआप पेट घेत असतें, तर बुतारे पहिल्याच रात्रीं पेटला असता. तो पेटविण्यासाठीं आधीं एका अधिकाऱ्यास हटवावें लागलें.