तिहेरी गळातून माशाची सुखरूप सुटका

कुपवाड हे काही कृष्णेच्या काठी वसलेले गाव नव्हे. परंतु १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि या परिसरातील माणसाला नदी तशी दूर नाही. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तो संगम, अंकलीचा पूल, म्हैसाळचा बंधारा अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. बांबूची काठी, तंगूस, एक आकडी गळ आणि त्याला लावलेले गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढ्यावर हा छंद पूर्वी भागत असे. आता रीळ बसवलेली काठी आली आणि तिच्याबरोबर लाकडाची किंवा प्लास्टिकची रंगीत बनावट मासळीही आली. या मासळीच्या पोटाखाली आणि शेपटीशी एकेक तिहेरी गळ टांगलेला असतो. त्यामुळे मासा अडकण्याची शक्यता वाढते हे खरे. पण तो काठाला आल्यानंतरची एकदोन मिनिटे माशाला आणि माणसालाही घातक ठरू शकतात.

याचे कारण गळाच्या रचनेतच आहे. एका दांड्याला तीन आकडे, आणि प्रत्येक टोकामागे एक उलटा दात. असे दोन गळ असले म्हणजे एकूण सहा टोके होतात. माशाच्या जबड्यात त्यांतील एखाददुसरे रुतते आणि उरलेली मोकळी लोंबत राहतात. मासा हातात धरला की तो सर्व शक्तीनिशी उसळी मारतो आणि मोकळे टोक धरणाऱ्याच्या बोटात किंवा तळहातात शिरते. मग एका टोकाला मासा आणि दुसऱ्या टोकाला माणूस अशी जोडी जुळते. माशाची प्रत्येक धडपड जखम खोल करीत जाते.

हाताआधी पकड

म्हणूनच पहिला नियम असा, की मासा गळावर असेपर्यंत बनावट मासळीला हात लावायचा नाही. लांब चोचीची पकड आणि तार तोडण्याची पकड ही दोन हत्यारे काठी टाकण्यापूर्वीच हाताशी असली पाहिजेत. कुपवाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला ती नवी नाहीत. नदीवर जाताना ती घरी राहतात, एवढेच.

मासा दमला की तो दांड्याच्या जाळीत घ्यावा आणि जाळी पाण्यातच राहू द्यावी. हात आधी ओले करावेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप हे त्याचे रोगजंतूंपासूनचे संरक्षण असते. कोरडा हात, गोणपाट किंवा तापलेला खडक यांनी तो लेप पुसला जातो आणि सोडलेल्या माशाला पुढे बुरशी धरते. एका हाताने माशाला पोटाखालून, पुढच्या परांच्या जवळ आधार द्यावा. दुसऱ्या हातातील पकडीने रुतलेल्या आकड्याचे वाकण घट्ट धरावे आणि आकडा ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने उलटा फिरवून बाहेर काढावा. सरळ ओढल्यास उलटा दात जबडा फाडतो. दोन टोके रुतली असतील, तर बाहेरचे आधी आणि आतले नंतर काढावे. आकडा घशाशी किंवा कल्ल्यांजवळ असेल, तर ओढाताण न करता पकडीने त्याची टोके तोडून एकेक तुकडा अलग करणे श्रेयस्कर. वीस रुपयांच्या गळाचा लोभ येथे धरू नये. कल्ल्यांत बोटे घालून मासा उचलण्याची आपल्याकडील बाजारी सवय मेलेल्या माशाला चालते. जिवंत माशाच्या कल्ल्यांतून मात्र रक्त वाहू लागते आणि तो सहसा वाचत नाही.

पाण्यातच काम करावे या सूचनेला कृष्णाकाठी एक महत्त्वाचा अपवाद आहे. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबरपासून खाली हरिपूरपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे. दमलेल्या माशाची धडपड तिला दुरूनही कळते. अशा ठिकाणी पाण्याच्या कडेला वाकून बसण्यापेक्षा नदीच्याच पाण्याने भरलेले घमेले किंवा टब काठावर जरा उंच ठेवावा आणि त्यात माशाची सुटका करावी. तिन्हीसांजेला तर पाण्याजवळ रेंगाळूच नये.

हवेतील एक मिनिट

मासा हवेत आला की कल्ल्यांतील नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. कॅनडातील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. दमवलेले रेनबो ट्राउट मासे हवेत मुळीच न धरता सोडले, तेव्हा बारा तासांनंतर शंभरातील ८८ जिवंत होते. तीस सेकंद हवेत धरल्यावर ६२, आणि साठ सेकंद धरल्यावर अवघे २८. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे, आपल्या माशांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही छायाचित्रासाठी मासा दोन्ही हातांत उंच धरून उभे राहण्याची हौस किती महाग पडते, याची कल्पना यावरून यावी.

प्रत्येक माशाची तऱ्हा वेगळी. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती चिवट. पण तिचे दात तीक्ष्ण असतात. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांतला काटा हातात घुसला तर तासन्‌तास ठणकतो. वाम हातातून सटकते आणि तिच्या पाठीवर लहान काट्यांची ओळ असते. सर्वांत जपायची ती खडशी, म्हणजे आपल्या नद्यांतील महासीर. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतून तिचे शास्त्रीय वर्णन केले. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी असतात; खडशीच्या मादीत ती काही हजारच. त्यामुळे लोणावळ्याला १९७० च्या दशकात टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यक्षेत्रावर तिच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयत्न झाले. मृगाच्या पावसानंतर चढणीला लागलेला मासा, विशेषतः गाभोळी धरलेली मादी, परत सोडणे यात केवळ दया नाही, पुढील वर्षांचा हिशेबही आहे.

सोडताना मासा पाण्यात फेकू नये. प्रवाहाकडे तोंड करून तो सरळ धरावा आणि शेपटीचा जोर जाणवला की हात ढिला करावा. चिलापी आणि विदेशी मांगूर यांना मात्र ही सवलत नको. मांगुराच्या संवर्धनाला तर केंद्र शासनाने २००० सालीच मनाई केली आहे. खाण्यासाठी ठेवायचा मासा डोक्यावर एक जोरदार घाव घालून ताबडतोब मारावा आणि मगच गळ काढावा. तडफडत ठेवण्यात माशाचेही हाल आणि हातालाही धोका.

यापेक्षा सोपा उपाय असा, की तिहेरी गळ काढून त्या जागी एकेरी लावावा आणि उलटा दात पकडीने चेपून टाकावा. दोर ताणलेला ठेवला तर मासे क्वचितच निसटतात. ज्या तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तेथे गळ टाकण्यापूर्वी परवानगी लागतेच. ती देताना संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला ही अट घालता येईल. नदीकाठच्या शाळेतील शिक्षकांनी दोन पकडी आणि एक गळ घेऊन अर्ध्या तासात हे प्रात्यक्षिक करून दाखवावे.

गळ हातात रुतल्यास

प्रथम दोर तोडावा आणि मासा गळापासून अलग करावा. नंतर मोकळी टोके तोडून टाकावीत. गळ उथळ असेल, तर ऑस्ट्रेलियातील एका डॉक्टरांनी १९६१ साली वर्णिलेली दोऱ्याची पद्धत उपयोगी पडते. वाकणाभोवती मजबूत दोऱ्याचा फास घालावा, दांडा त्वचेशी समांतर खाली दाबावा, म्हणजे उलटा दात मांसातून मोकळा होतो. मग दांड्याच्या भोकाच्या विरुद्ध दिशेला एकच झटका द्यावा. गळ उडून येतो, म्हणून समोर कोणी उभे राहू नये. डोळा, मान, सांधा किंवा खोल जखम असेल, तर गळ तसाच ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी. पुढील दोन दिवसांत सूज किंवा लाली वाढली, तर जखम नदीच्या पाण्यात झाली असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोड्या पाण्यातील काही जंतूंवर नेहमीची औषधे चालत नाहीत आणि औषधाची निवड त्यावरून बदलते.