घासण्यापूर्वी नाणे वाचावे

लक्ष्मीपूजनास तिजोरीतील जुनी नाणी काढून, चिंचेने घासून पाटावर मांडण्याची चाल अनेक व्यापारी घराण्यांत आहे. त्यांत मुखवट्याची छाप असलेले एखादे लहान, काळपट-हिरवे नाणे निघाले, तर हात क्षणभर आवरावा. ते रोमन कांस्यनाणे असू शकते आणि त्याची ओळख सांगणारी अक्षरे एका घासण्यात नाहीशी होऊ शकतात.

जालना जिल्ह्यास रोमन व्यापाराचे नाते नवे नाही. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या नगरीच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. इ. स. ७९ मध्ये ते नगर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे भारतीय हस्तिदंती कारागिरी त्यापूर्वीच रोमन घरात पोहोचली होती.

‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर दहा दिवसांवर सांगितले आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील, पोवळे यांबरोबर सोन्याचांदीची रोमन नाणीही होती. ती स्थानिक चलनात बदलताना नफा मिळे. हुंडणावळीचा व्यवहार इतका जुना आहे! रोमन कांस्यनाणी मात्र मुख्यतः चौथ्या-पाचव्या शतकातील असून ती बहुतांशी तमिळनाडू व श्रीलंकेत सापडतात. म्हणूनच आपल्या भागात असे नाणे आढळल्यास ते कोठून आले हा प्रश्न मोलाचा ठरतो.

ओळख पटवताना प्रथम लिपी पाहावी. हत्ती किंवा उज्जयिनी चिन्ह आणि ब्राह्मी अक्षरे असतील तर नाणे बहुधा सातवाहनांचे. फार्सी असेल तर मोगल वा निजामकालीन. केवळ मुखवटा पुरावा नव्हे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांवर क्षत्रप नहपानाचाही मुखवटा आहे. रोमन नाण्यावर मुखवट्याभोवती लॅटिन अक्षरे असतात. उत्तरकालीन सम्राटाच्या मस्तकी बहुधा मोत्यांची पट्टी दिसते आणि लेखाचा आरंभ ‘डी’ व ‘एन’, म्हणजे ‘आमचे स्वामी’, या अक्षरांनी होतो. मागील बाजूस तळाशी टांकसाळीची खूण असते. ‘ए-एन-टी’ म्हणजे अँटिओक, ‘ए-एल-ई’ म्हणजे अलेक्झांड्रिया. कडेला सांध्याची रेघ दिसली तर नाणे साच्यात ओतलेली नक्कल असल्याचा संशय घ्यावा. वजन व व्यास मोजून, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि नाणेशास्त्राच्या जाणकारास दाखवावीत.

कळंक काढण्यासाठी चिंच, लिंबू वा आम्ल वापरू नये. नाणे घराण्यात कोणाकडून आले, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवावे. शेतात वा पाया खोदताना पुरलेले धन सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही.

व्यापाऱ्याच्या घरी प्रत्येक रकमेची नोंद असते. नाण्याच्या वाटेचीही नोंद ठेवली, तर धातूच्या मोलाहून कितीतरी मोठी ठेव पुढील पिढीच्या हाती जाईल.