परितेवाडीहून निघालेला चौकोन

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटेसे गाव आहे. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले तेव्हा इमारत मोडकळीला आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. ३ डिसेंबर २०२० रोजी याच शिक्षकाला जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. मधल्या अकरा वर्षांची हकीकत बहुधा क्यूआर कोडची हकीकत म्हणून सांगितली जाते. पुस्तकाच्या पानावर काळा-पांढरा चौकोन, त्यावर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते, स्वाध्याय उघडतो. हे वर्णन खरे आहे, पण त्यात मुख्य गोष्ट सुटते. जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेला हा कोड स्वतः काहीच शिकवत नाही. समोरच्या मुलाला काय समजत नाही हे ओळखून शिक्षकाने त्यामागे काय ठेवले, यावर सगळे अवलंबून असते.

पुढे काय झाले ते या दृष्टीने पाहायला हवे. पथदर्शी प्रयोगानंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये सर्व इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचा ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षण मंच सुरू झाला, आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तसाच निर्णय झाला. एका खेड्यातली कल्पना इतक्या वेगाने दिल्लीपर्यंत पोचल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही, आणि त्याचा आनंद वाटतोच. मात्र प्रवास झाला तो चौकोनाचा. एकाच पुस्तकातला कोड मंगळवेढ्यात उघडा की गडचिरोलीत, समोर येणारा धडा तोच असतो. जी गोष्ट शाळेतून वर गेली, ती वरून खाली येताना एकसारखी झाली. याआधी पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेल्या बालचित्रवाणीने वर्षानुवर्षे शैक्षणिक कार्यक्रम केले. तीही एका केंद्राकडून सर्वांकडे जाणारी वाट होती. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. साधन बदलले, वाटेची दिशा मात्र तीच राहिली.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात या एकसारखेपणाचे नुकसान अधिक जाणवते, कारण इथे धड्याला जोडण्यासारखे पावलोपावली आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत मालदांडी ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि ती बरीचशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मातीची जलधारणक्षमता शिकवायला याहून चांगला प्रयोग कोणती प्रयोगशाळा देणार? कोळपणी कशासाठी करतात, हे शेतकरी आजोबांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केले तर विज्ञानाचा धडा आणि भाषेचा धडा एकाच वेळी होतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. आणि हा लेख ज्या भागात सापडला, त्याच भागात आज कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर वस्तीत तेलुगू, अनेक मोहल्ल्यांत उर्दू, असा हा जिल्हा. बालभारती या भाषांतही पुस्तके काढते. पण मराठी शाळेत आलेल्या तेलुगू घरच्या मुलीला पहिलीचा पाठ आधी घरच्या भाषेत ऐकवून मग मराठीकडे नेण्याचे काम छापील पान करू शकत नाही. कोडमागचा दोन मिनिटांचा आवाज करू शकतो.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की गावचेच शिकवत बसलो तर मूल गावातच अडकेल. परंतु ज्वारीपासून सुरू झालेला धडा ज्वारीपाशी थांबावा असे कुणी म्हणत नाही. डिसले यांनीच आभासी सहलींद्वारे वर्ग परदेशातल्या वर्गांशी जोडले. दाखवण्यासारखे आपले काही असेल तरच अशी देवाणघेवाण बरोबरीची होते. शिवाय तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढले आहे, म्हणजे तत्त्व शासनाने कधीच मान्य केले आहे. दुसरा आक्षेप मोबाइलचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांसोबत कामावर जात होता, तिथले मूल शिक्षणाबाहेर राहिले. म्हणून धडा घरच्या फोनवर नव्हे, वर्गातल्या एका फोनवर किंवा स्पीकरवर चालेल असाच असला पाहिजे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: हे सगळे करायचे कोणी? द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून मोकळा होत नाही. एखाद्याने रात्र जागून केले म्हणून सर्वांनी तसे करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ध्वनिमुद्रण केंद्रप्रमुखाच्या पातळीवर दहा-बारा शाळांनी वाटून घ्यावे, त्यासाठी शिक्षकांना अधिकृत वेळ मिळावा आणि तयार झालेले साहित्य पुस्तकातल्या त्याच कोडमागे राज्याच्या धड्याशेजारी ठेवायची सोय असावी. तंत्राच्या दृष्टीने हे अवघड नाही.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर विणतात. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांतून मोर उमटतो. क्यूआर कोडमधले काळे-पांढरे घर हीच भाषा बोलते, आणि संगणकाच्या इतिहासात जेकार्डच्या पट्ट्यांचे स्थान मानाचे आहे. शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांच्या पुस्तकात संगणकाचा धडा येतो, त्या पानावर कोडही छापलेला असतो. त्या कोडमागे मागावरच्या कामगाराने पट्टी हातात धरून दिलेली पाच मिनिटांची माहिती अजून ठेवायची आहे.