दुसऱ्याचें गाणें आणि आपली चित्रफीत

स्नेहसंमेलनाची किंवा सहलीची चित्रफीत तयार करून ती यूट्यूबवर ठेवण्याची हौस हल्लीं विद्यार्थिवर्गांत पुष्कळ वाढली आहे. हौस चांगलीच आहे. परंतु चित्रांच्या मागें कांहीं तरी मधुर संगीत पाहिजे असें वाटूं लागलें म्हणजे आफ्रिकेंतील ढोल, जपानांतील बासरी, जें सांपडेल तें बिनदिक्कत उचललें जातें. ‘तें रॉयल्टी-फ्री आहे,’ हें उत्तर तयारच असतें. या शब्दाचा नेमका अर्थ विद्यार्थी व पालक या दोघांनाही समजावा, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

रॉयल्टी म्हणजे कृतीच्या प्रत्येक उपयोगाबद्दल कर्त्यास मिळणारा मोबदला. रॉयल्टी-फ्री संगीतास असा वारंवार मोबदला द्यावा लागत नाहीं, इतकेंच. तें फुकट असतेंच असें नाहीं. पुष्कळदां एकदां किंमत देऊन परवाना घ्यावा लागतो. 2002 सालीं निघालेले क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने याहून निराळे. कांहींत कर्त्याचें नांव दिलें कीं पुरे. कांहींत व्यापारी उपयोगास मनाई आहे. आणि ज्यांत बदल करण्यास मनाई आहे, तें संगीत चित्रांशीं जुळवितांही येत नाहीं. आपल्याकडील 1957 च्या कायद्याप्रमाणें संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षें, व ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षें टिकतो. म्हणून चाल कितीही जुनी असली, तरी तिचें मुद्रण नवें असल्यास परवानगी हवीच.

परंतु कायद्याच्या पलीकडेही एक प्रश्न आहे. पॅसिफिक महासागरांतील सॉलोमन बेटांपैकीं मलैता बेटावर अफुनाक्वा नांवाची एक स्त्री होती. 1970 च्या सुमारास ह्यूगो झेंप या संगीतसंशोधकानें तिच्या तोंडचें ‘रोरोग्वेला’ हें अंगाईगीत मुद्रित केलें, व पुढें तें युनेस्कोच्या मालेंत प्रसिद्ध झालें. पोरक्या झालेल्या धाकट्या भावंडाची थोरलें भावंड समजूत घालीत आहे, हा त्या गीताचा विषय. 1992 सालीं डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीनें तोच आवाज नव्या वाद्यांवर बसवून ‘स्वीट ललबाय’ हें गाणें काढलें. तें जगभर गाजलें. झेंप यांनीं 1996 सालीं लेख लिहून त्याचा निषेध केला. 2006 सालीं मॅट हार्डिंग या अमेरिकन प्रवाशाची देशोदेशीं नाचतांनाची चित्रफीत लाखों लोकांनीं पाहिली; तिच्या मागेंही हाच आवाज होता. पोरक्या लेकराच्या सांत्वनाचें गीत नाचाचें संगीत झालें, आणि गाणारीचें नांव त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक होतें. पुढें हार्डिंग स्वतः तिच्या शोधार्थ मलैतास गेला; परंतु ती पूर्वींच निवर्तली होती.

यास्तव आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, परवाना शेवटपर्यंत वाचावा व त्याची प्रत जपून ठेवावी. यूट्यूबपाशीं आवाज ओळखणारी यंत्रणा आहे, व तिच्यामुळें आपली चित्रफीत कधीं कधीं मूकही होते. गाणाऱ्याचें, वाजविणाऱ्याचें व त्याच्या देशाचें नांव चित्रफितीखालीं लिहावें, आणि गाण्याचा अर्थ काय याची आधीं चौकशी करावी. आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्या उद्यां कोणीं परदेशांत नांवगांवाशिवाय वाजविल्या, तर आपणांस काय वाटेल? या प्रश्नाचें जें उत्तर आपलें मन देईल, तोच या बाबतींतला पहिला नियम होय.