मागच्या आसनाचे सुख

मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या कंबरेचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. गाडी घेताना रंग पाहिला जातो, ॲव्हरेज विचारले जाते. मागच्या दोन स्प्रिंगांच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या कड्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जोडीने जाणाऱ्या मंडळींसाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत.

कडे वरच्या पायरीवर फिरविले की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. त्याने ती कडक होते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नव्हे. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरतो; कड्याने बदलते ती केवळ ओझ्याखाली गाडी किती बसावी ही पातळी. एकट्या, हलक्या माणसाने कडे शेवटच्या पायरीवर ठेवले, तर चाकाला खड्ड्यात उतरावयास वाव उरत नाही व बैठक उडते. उलट दोघे आणि सामान असता ते पहिल्या पायरीवर राहिले, तर गतिरोधकाचा तडाखा थेट मागच्याच्या मणक्यात जातो. शिवाय मागची बाजू बसल्याने दिव्याचा झोत वर चढतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रात्रीच्या घाटात हे कंबरदुखीहूनही गंभीर!

माप घरीच घेता येते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागचे चाक अधांतरी असता, चाकाच्या आसापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत फितीने मोजावे. मग स्टँड काढून, दोघांनी बसून, तिसऱ्याने गाडी सावरून पुन्हा मोजावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. हालचाल ९० मिलिमीटर असेल तर ३०. अधिक भरल्यास कडे एक पायरी वर, कमी भरल्यास खाली. पुष्कळ गाड्यांत अशा ५ पायऱ्या असतात. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. त्यासाठी हुकासारखा पाना मिळतो. छिन्नी-हातोडीची मेस्त्रीगिरी आम्हांस मान्य नाही.

तत्पूर्वी चाकांतील हवा तपासावी. शॉकअपमधून तेल गळत असेल, किंवा खड्ड्यानंतर गाडी झोके घेतच राहत असेल, तर कडे फिरवून काहीही साधणार नाही. शॉकअपच बदलावे लागेल. आणि प्रवासाहून परतल्यावर, दुसऱ्या दिवशी एकट्याने कामावर निघण्यापूर्वी, कडे पुन्हा खालच्या पायरीवर आणावे.