दीड हजार लोकांचं गाव, २७ हजार जन्म : शेंदुरसनीच्या नोंदी सर्व्हरने स्वीकारल्याच कशा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. लोकसंख्या साधारण दीड हजार. २०२५च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावावर तब्बल २७ हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली. उशिरा केलेल्या जन्म-मृत्यू नोंदी तपासण्याची मोहीम सुरू असताना हा आकडा उघडकीस आला. नोंदवलेले जन्म ग्रामपंचायतीच्या हद्दीतले नसल्याचं आरोग्य विभागाच्या चौकशीत आढळलं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं.

या आकड्याचा आवाका लक्षात येण्यासाठी साधा हिशेब करू. महाराष्ट्रात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १५ जन्म होतात. म्हणजे दीड हजारांच्या गावात वर्षाला वीस-पंचवीस बाळं. या वेगाने २७ हजार जन्म व्हायला हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. इथे ते ९१ दिवसांत झाले. म्हणजे रोज सुमारे ३००.

बातमी आली तशी सोशल मीडियावर 'सर्व्हर हॅक झाला' अशा पोस्ट फिरू लागल्या. पण अशा नोंदी होण्यासाठी सर्व्हर फोडावाच लागतो असं नाही. सर्व्हर नेमकं काय बघतो आणि काय बघत नाही, हे समजून घेतलं की या प्रकरणातला खरा प्रश्न कळतो.

जन्माची नोंद होते कुठे?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यानुसार जन्म झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. एक वर्षाहून जास्त उशीर झाला, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. खेडेगावात निबंधकाचं काम ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, करतात.

पूर्वी ही नोंद जाडजूड रजिस्टरमध्ये व्हायची. दप्तर कपाटात आणि शिक्का ग्रामसेवकाच्या ताब्यात. खोटी नोंद करायची म्हटलं तरी कुणाला तरी त्या कपाटापर्यंत जावं लागायचं, आणि हाताने दिवसाला ३०० नोंदी लिहिणं सोपं नव्हतं.

आता नोंदी सीआरएस, म्हणजे नागरी नोंदणी प्रणाली, या देशपातळीवरच्या ऑनलाइन यंत्रणेत होतात. गावाला एक आयडी आणि पासवर्ड मिळतो. दप्तर दूरच्या सर्व्हरवर गेलं आणि शिक्क्याची जागा लॉगिनने घेतली. फरक एवढाच की, लाकडी शिक्का एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. पासवर्ड एकाच वेळी दहा ठिकाणी असू शकतो.

गावातला कॉम्प्युटर सर्व्हरशी बोलतो कसा?

सर्व्हर म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, मागेल त्याला माहिती देणारा आणि आलेली माहिती साठवणारा, चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. त्याच्याशी बोलण्याचे नियम ठरलेले असतात. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकलं की आधी डीएनएस ही यंत्रणा त्या नावाचा आयपी अॅड्रेस शोधून देते. फोनमध्ये नाव शोधलं की नंबर मिळतो, तसंच. १९८३मध्ये ही पद्धत आली आणि आजही तीच चालते.

पत्ता मिळाला की टीसीपीचं काम सुरू होतं. माहितीचे छोटे तुकडे करायचे, ते क्रमाने पोहोचले की नाही हे बघायचं, हरवला तो परत पाठवायचा. आर्णीसारख्या भागात रेंज कमी-जास्त झाली तरी फॉर्म अर्धवट शब्दांनी जात नाही, त्याचं श्रेय टीसीपीला.

त्यानंतर येतो एचटीटीपीएस. यातला शेवटचा 'एस' म्हणजे सुरक्षित. गावातल्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंतची माहिती कुलूपबंद होऊन जाते. वाटेत कुणी ती पाहिली तरी वाचता येत नाही.

गैरसमज होतो तो इथेच. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह फक्त रस्ता सुरक्षित आहे, एवढंच सांगतं. रस्त्याच्या या टोकाला कोण बसलंय, हे ते सांगत नाही. खोटी नोंदसुद्धा तितक्याच सुरक्षितपणे पोहोचते.

मग सर्व्हर माणसाला ओळखतो कसा?

खरं तर ओळखतच नाही. त्याला दिसतात चार-पाच गोष्टी : आयडी, पासवर्ड, ओटीपी असेल तर तो, विनंती आली तो आयपी अॅड्रेस आणि वेळ. हे जुळलं की सर्व्हर त्या ब्राउझरला एक तात्पुरता टोकन देतो. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर तो टोकन जातो आणि सर्व्हर 'हा मघाचाच' असं मानतो.

म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने शेंदुरसनी हे गाव नसून डेटाबेसच्या तक्त्यातली एक ओळ आहे. अमुक आयडी, त्याचं नोंदणी केंद्र अमुक, जिल्हा अमुक. या जोडणीला मॅपिंग म्हणतात. चौकशीत या ग्रामपंचायतीचा आयडी मुंबईशी मॅप झालेला दिसला, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. त्यावरून 'मुंबईत बसून कुणीतरी केलं' असा अर्थ अनेकांनी काढला. पण मॅपिंग म्हणजे तक्त्यातली जोडणी, आणि ती बदलायला अधिकार असलेलं खातं लागतं. माणूस प्रत्यक्ष कुठे बसला होता हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर लॉगमध्ये शोधावं लागतं.

आयपी अॅड्रेस मिळाला की चोर सापडला?

इतकं सोपं नसतं. सर्व्हर प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो : कोणता आयडी, कुठला आयपी, किती वाजता, काय केलं. यालाच लॉग म्हणतात. सायबर तपासाची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते.

पण आयपी अॅड्रेस माणसाचा नसतो, जोडणीचा असतो. जुन्या पद्धतीचे एकूण आयपी अॅड्रेस सुमारे ४३० कोटीच आहेत. म्हणून मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यातला नेमका ग्राहक शोधायचा, तर आयपीबरोबर पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही लागते. शिवाय व्हीपीएन वापरला, तर सर्व्हरला व्हीपीएनचाच पत्ता दिसतो.

वेळेचं महत्त्व किती, हे बघा. अनेक सर्व्हर जागतिक वेळेनुसार नोंद ठेवतात. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. हे गणित चुकलं तर पोलीस भलत्याच ग्राहकाच्या दारात जाऊ शकतात. म्हणून घड्याळं जुळवण्यासाठी एनटीपी नावाचा खास प्रोटोकॉल आहे. 'सर्ट-इन' या केंद्राच्या संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसह सर्वांनी आपल्या सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे.

१८० दिवस म्हणजे सहा महिने. गैरप्रकार वर्षभराने लक्षात आला, तर पुरावा पुसला गेलेला असू शकतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी काय करायचं असतं?

सर्व्हर चालू ठेवणं हा त्यांच्या कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे त्यावर लक्ष ठेवणं. त्याचे काही साधे नियम जगभर पाळले जातात.

- गरजेपुरताच अधिकार : ज्याला गावापुरती नोंद करायची आहे, त्याला तेवढीच परवानगी. आयडीचं केंद्र बदलण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडे, आणि प्रत्येक बदलाची नोंद.
- दोन हात : नोंद भरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. बँकेत मोठ्या रकमेला दोन सह्या लागतात, तसं.
- दुसरा पुरावा : फक्त पासवर्डवर भागवायचं नाही, ओटीपी किंवा बोटाचा ठसाही घ्यायचा.
- वेगाची मर्यादा : एका खात्यातून दिवसाला किती नोंदी होऊ शकतात, याला वाजवी आकडा ठरवायचा. तो ओलांडला की खातं थांबवायचं आणि वरिष्ठांना कळवायचं.
- जुनी खाती बंद : बदली झालेल्या, काम सोडलेल्या माणसाचा आयडी त्याच दिवशी बंद.

यातला चौथा नियम शेंदुरसनीच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचा. चोर कितीही हुशार असो, खाते चोरीचं असो वा आतल्या माणसाचं, महिन्याला दोन नोंदी करणाऱ्या गावातून दिवसाला ३०० नोंदी यायला लागल्या तर ते ओळखायला कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. लोकसंख्येचा आकडा आणि साधा भागाकार पुरतो. हा इशारा असता, तर पहिल्याच दिवशी खातं थांबलं असतं.

गावपातळीवरच्या अडचणीही खऱ्या आहेत. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अनेकदा दोन-तीन गावं असतात, नेटवर्क मिळेल तेव्हा काम उरकावं लागतं. मग पासवर्ड संगणक परिचालकाला सांगितला जातो, ओटीपी व्हॉट्सअॅपवरून पुढे जातो. असं कुठेही झालं, तरी सर्व्हरच्या लेखी ती नोंद अधिकाऱ्यानेच केलेली असते.

क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे दाखला खरा?

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर सर्व्हर एवढंच सांगतो की, या क्रमांकाची नोंद आमच्याकडे आहे. नोंद खरी आहे का, हे तो सांगू शकत नाही. छापखान्यात बनवलेला बनावट दाखला क्यूआर कोडने पकडता येतो. सर्व्हरमध्येच खोटी नोंद घुसली, तर तिचा दाखला खऱ्यासारखाच स्कॅन होतो.

म्हणून हा प्रकार एका गावापुरता राहत नाही. दुरुस्त कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा अनेक कामांना जन्मदाखला हा मुख्य पुरावा आहे. खोट्या नोंदी वाढल्या की तपासणी कडक होते, आणि तिचा फटका ज्याची नोंद खरोखरच राहून गेली आहे अशा माणसाला बसतो. घरी बाळंत झालेल्या मजूर बाईला मग तहसीलचे आणखी चार हेलपाटे घालावे लागतात.

आपण काय करू शकतो?

घरातल्या जन्मनोंदी एकदा तपासून घ्या : नाव, तारीख, नोंदणीचं ठिकाण. ओटीपी कुणालाही सांगू नका, 'साहेबांनी मागितलाय' म्हटलं तरी नाही. पैसे घेऊन झटपट दाखला देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, कारण खोटी नोंद रद्द झाली की त्यावर काढलेली पुढची कागदपत्रंही अडचणीत येतात. शंका आली तर ग्रामपंचायत, पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

गावाचा आकडा ग्रामसभेत विचारण्याचा अधिकारही प्रत्येक गावकऱ्याला आहे. या वर्षी आपल्या गावात किती जन्म नोंदले गेले? वीस-पंचवीस बाळं कुणाच्या घरची, हे गावाला तोंडपाठ असतं. सर्व्हरला ते कधीच माहीत नसतं.